नफा ९ लाख, खात्यात २४ हजार

येणे-देणे : धंद्याच्या हिशेबाविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. तीन सांगली जिल्ह्यातली, एक साताऱ्याचं. कुपवाडचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्याचं उत्तर लांबलं. ते लांबायलाच हवं होतं. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. दोन सीएनसी, एक जुनं लेथ, सात कामगार. ट्रॅक्टरच्या पिना आणि बुश करून एका मोठ्या कंपनीला देतो. गेल्या वर्षी महिन्याला ७ लाखांचं काम होतं, यंदा १० लाखांवर गेलं. सीएसाहेब म्हणाले, यंदा ९ लाख नफा झाला, अभिनंदन. त्याच आठवड्यात बायकोच्या पाटल्या ठेवून मी पगार भागवले. मागच्या मार्चला सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटच्या उचल खात्यातून, एक रुपया उचललेला नव्हता, आज १० लाखांची सीसी काठोकाठ आहे. सोनेतारण ४ लाख, पेठेतून शेकडा दोनने हातउसने २ लाख. मार्चअखेर खात्यात २४ हजार होते. हिशेब चुकलाय का कुठं? की कोणी पैसे खातंय? रात्री झोप लागत नाही.

उत्तर : दादा, कोणी पैसे खात नाही. सीएसाहेबांचा हिशेबही बरोबर आहे. तुमच्याकडून फोनवर आकडे घेतले आणि दोन संध्याकाळ वही उघडून बसले. पैसे कुठं आहेत ते सापडलं, तेच आधी सांगते.

महिन्याला १० लाखांचं काम. त्यात बार स्टील साडेपाच लाखांचं, पगार १ लाख ६० हजार, लाइटबिल ७० हजार, टूल-कूलंट-टेम्पो-भाडं मिळून ९० हजार, व्याज ३० हजार, घसारा, म्हणजे मशिनची झीज, २५ हजार. उरले ७५ हजार. बारा महिन्यांचे ९ लाख. नफा-तोटा पत्रक इथं संपतं. बिल फाडलं की विक्री झाली, असं ते धरून चालतं. त्या बिलाचे पैसे आले का, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं.

आता दुसरा कागद घ्या. मागच्या वर्षी कंपनी ६० दिवसांत पैसे द्यायची. ७ लाखांवर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचं बिल ८ लाख २६ हजारांचं. अशा दोन महिन्यांचं येणं १६ लाख ५२ हजार. यंदा महिन्याचं बिल ११ लाख ८० हजारांचं झालं, आणि कंपनीने हळूहळू मुदत ९० दिवसांवर नेली. तीन महिन्यांचं येणं ३५ लाख ४० हजार. म्हणजे एका वर्षात तुमचे आणखी १८ लाख ८८ हजार कंपनीकडे जाऊन बसले. शेडमधला माल ४ लाखांचा होता, तो साडेसहा लाखांचा झाला. अडीच लाख तिथं गेले. स्टीलवाला ३० दिवस थांबतो, खरेदी वाढली तशी त्याची उधारीही वाढली, त्यातून १ लाख ९५ हजारांचा आधार मिळाला. तो वजा केला तरी १९ लाख ४३ हजार रुपये नव्याने अडकले.

एवढे पैसे तुम्ही आणले कुठून? नफा ९ लाख. घसाऱ्याचे ३ लाख खिशातून गेलेच नव्हते, ते धरून १२. त्यातून मशिनच्या कर्जाची मुद्दल ३ लाख ६० हजार फेडली, घरखर्चाला महिना ४० हजारांप्रमाणे ४ लाख ८० हजार नेले. हातात उरले ३ लाख ६० हजार, गरज १९ लाख ४३ हजारांची. तूट १५ लाख ८३ हजार. आता तुमची कर्जं मोजा. सीसी १०, सोनं ४, हातउसने २. सोळा. लहानसहान बाबी मी सोडल्यात, तरी जुळलं ना?

तुमच्या घरच्या पाटल्या त्या कंपनीच्या उधारीत आहेत, दादा. आणि त्या ३५ लाख ४० हजारांत ५ लाख ४० हजार नुसता जीएसटी आहे. कंपनीकडून तो यायचाय, सरकारला मात्र तुम्ही स्टीलवरचा वजा करून दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरून मोकळे झालात.

माल ३५ दिवस तुमच्या शेडमध्ये, मग ९० दिवस कंपनीच्या खात्यात. एकूण १२५. त्यातले ३० दिवस स्टीलवाल्याने सोसले, उरलेले ९५ दिवस तुम्ही. काम वाढलं की हा भार वाढतो. म्हणून मंदीत तगलेला माणूस भरभराटीच्या वर्षात मोडतो, आणि त्याचं त्यालाच कळत नाही की काय झालं.

हे मी घरात पाहिलंय. माझे वडील गुऱ्हाळाच्या काहिली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढया, करायचे. माधवनगर रस्त्याला पत्र्याची शेड, चार माणसं, पत्रा वळवायचं एक मशिन. १९८२ साल, मी बारावीत होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाने हंगामाच्या तोंडाला २२ काहिली नेल्या. वडिलांना केवढा आनंद! एवढी मोठी ऑर्डर त्यांना कधी मिळाली नव्हती. पत्र्यासाठी त्यांनी उसनवारी केली, रात्रपाळी केली, माल वेळेत पोचवला. पैसे मिळायला अकरा महिने लागले. पाडव्याला लाल वहीत त्या वर्षीचा नफा त्यांनी मांडला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. ती वही माझ्याकडे आहे. त्याच वहीत आठ पानं पुढं शेडचं चार महिन्यांचं भाडं थकल्याची नोंद आहे, त्याच अक्षरात, त्याच शाईत. अकरा महिन्यांनी पैसे आले तेव्हा पत्रा वळवायचं मशिन भंगाराच्या वजनावर विकून झालं होतं. गिऱ्हाईक बुडवं नव्हतं. पैसे पूर्ण दिले त्याने, उशिरा दिले एवढंच.

नंतर एकतीस वर्षं मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात वह्या लिहिल्या. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचं बिल, लगेच भागवायची, खरेदीदाराचे पैसे मागाहून यायचे. मधलं अंतर अडत्याने पेलायचं. आमचे मालक रोज सकाळी गल्ल्यावर बसायच्या आधी एकच विचारायचे, "आज कोणाचे यायचेत, आज कोणाला द्यायचेत?" महिन्याचा नफा ते सहा-सहा महिने विचारायचे नाहीत. ही तारखांची सवय मी तिथं शिकले, आणि तीच तुम्हाला लावायची आहे.

वहीचं एक जोडपान घ्या. तेरा आठवड्यांच्या तेरा ओळी. रकाने पाच: सुरुवातीची शिल्लक, नक्की येणार, कदाचित येणार, जाणार, शेवटची शिल्लक. पेन्सिलीने लिहा, कारण दर सोमवारी खोडायचं आहे. 'कदाचित' रकान्यातला पैसा बेरजेत धरायचा नाही. तो तिथं असतो तो सोमवारी फोन कोणाला करायचा हे कळावं म्हणून.

तुमचाच एक महिना मांडून दाखवते. २५ तारखेला कंपनीचे ११ लाख ८० हजार आले. ३० ला स्टीलवाल्याचे ६ लाख ४९ हजार गेले, उरले ५ लाख ३१ हजार. ७ ला पगार १ लाख ६० हजार, उरले ३ लाख ७१ हजार. १० ला हप्ता आणि व्याज ६० हजार, ३ लाख ११ हजार. लाइटबिल ७० हजार, २ लाख ४१ हजार. २० ला जीएसटी ८१ हजार, १ लाख ६० हजार. टूल, टेम्पो, भाडं ९० हजार, ७० हजार. घरी ४० हजार. उरले ३० हजार. सगळं ठरल्यासारखं झालं तरी महिन्याच्या शेवटी हातात ३० हजार. आता कंपनीचे पैसे २५ ऐवजी पुढच्या ५ तारखेला आले असं लिहून बघा. ३० तारखेच्या ओळीला साडेसहा लाखांचा खड्डा दिसेल. तो खड्डा आज पेन्सिलीत दिसला, तर तुमच्याकडे दोन महिने असतात. स्टीलवाल्याला आधी सांगता येतं, एखादी खरेदी ढकलता येते, बँकेत जाता येतं. ६ तारखेच्या रात्री दिसला तर पाटल्याच उरतात.

आता वसुली. कायद्याकडे नंतर येऊ, आधी कंपनीच्या अकाउंट्स विभागात स्वतः जाऊन या. माल आणि बिल पोचवून आपलं काम झालं असं आपण समजतो. तिथं मात्र पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर चुकला, माल मिळाल्याची नोंद स्टोअरने केली नाही, चार नग रिजेक्ट होऊन त्यांची रक्कम कापल्याची डेबिट नोट अडकली, अशा कारणांनी बिल पडून असतं. ९० दिवसांतले वीस-पंचवीस दिवस असेच निघाल्याचं मी बऱ्याच वह्यांत पाहिलंय. पेमेंट कोणत्या तारखांना सोडतात आणि त्यासाठी बिल कधीपर्यंत चढावं लागतं, हे त्या टेबलावरच्या माणसाला नीट विचारा. चहा घ्या, नाव लक्षात ठेवा, दर पंधरा दिवसांनी फोन करा.

मग कायदा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. २०२३ मध्ये आयकर कायद्यातही तरतूद आली, पेठेत तिला ४३-बी-एच म्हणतात. ती २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. म्हणजे मार्चअखेर तुमचे पैसे अडकवले तर त्याचा स्वतःचा कर वाढतो. कंपनीच्या अकाउंटंटला हे पाठ असतं. पण तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात हे त्याला माहीत आहे का? उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर छापा, प्रमाणपत्राची प्रत पत्रासोबत द्या आणि पोच घ्या. एवढ्यावर पैसे हलल्याची उदाहरणं माझ्यासमोर आहेत.

पैसे अडकवल्याची तक्रार सरकारी पोर्टलवरही करता येते. पण तुमचं सगळं काम एकाच कंपनीवर आहे. तक्रार केली की ऑर्डर थांबेल ही भीती खोटी नाही, आणि 'हक्क आहे, लढा' असं इथं खुर्चीत बसून मी तुम्हाला सांगणार नाही. त्याआधी ट्रेड्सचा, म्हणजे बिलं विकायच्या ऑनलाइन बाजाराचा, रस्ता आहे. कंपनीने मान्य केलेलं तुमचं बिल तिथं बँका बोली लावून विकत घेतात, पैसे तुम्हाला काही दिवसांत मिळतात आणि कंपनी मुदतीला बँकेला देते. व्याजाचा दर कंपनीची पत बघून ठरतो, म्हणून तो हातउसन्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी करणं २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक केलं आहे. तुमची कंपनी त्यात बसते. विचारा.

'लवकर पैसे द्या, २ टक्के सूट देतो' असं सगळ्या बिलांवर कबूल करू नका. तुमचा नफाच साडेसात टक्के आहे. त्यातले दोन गेले तर चौथा हिस्सा गेला. शेकडा दोनचे हातउसने फेडायला एखाद्या बिलावर सूट दिलीत तर परवडेल, कारण ते पैसे तुम्हाला वर्षाला २४ टक्क्यांनी पडतायत.

बँकेतही जा. लघुउद्योगांना खेळतं भांडवल अंदाजित उलाढालीच्या २० टक्के द्यावं, ही नायक समितीची जुनी पद्धत बँका आजही वापरतात. तुमची उलाढाल १ कोटी २० लाख, म्हणजे २४ लाखांपर्यंत मागणी करता येते आणि तुमची सीसी १० लाखांची आहे. वाढवून घ्या, आणि त्यातून पहिल्यांदा हातउसने फेडा, मग पाटल्या सोडवा. नवीन मशिन घेऊ नका. एक लक्षात असू द्या, ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत. कंपनी ९१ व्या दिवसावर गेली की तुमची सीसीही आखडते.

शेवटचा आकडा. कंपनी ४५ दिवसांवर आली तर तुमचं येणं ३५ लाख ४० हजारांवरून १७ लाख ७० हजारांवर येतं. सुटणारे पैसे तुमच्या सोळा लाखांच्या कर्जापेक्षा जास्त आहेत. एकही जादा पिन न बनवता. कंपनी अधिक काम देऊ करेल तेव्हा हा आकडा खिशात ठेवून बोला: काम घेतो, पण नव्या कामाची बिलं ४५ दिवसांत. ती म्हणाली नाही, तर तेवढं काम सोडायची तयारी ठेवा. वडिलांनी त्या बाविसांतली तेरावी काहील नाकारली असती, तर शेड राहिली असती, असं मला आजही वाटतं.

प्रश्न : काकू, वाळवा तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मालकांना अर्धांगवायू झाल्यापासून दोन वर्षं मीच बसते. वर्षाला ४८ लाखांची विक्री, ८ टक्के सुटतात. उधारी १४ लाखांवर गेली आहे. सगळे म्हणतात, "वहिनी, उसाचं बिल आलं की देतो." निम्मे भावकीतले आहेत, नाही कसं म्हणायचं?

उत्तर : ताई, आधी आकडा, म्हणजे नाही म्हणायला बळ येईल. तुम्हाला वर्षाला सुटतात ३ लाख ८४ हजार. सीसीचं व्याज ११ टक्के धरलं तर १४ लाखांच्या उधारीवर वर्षाला १ लाख ५४ हजार जातात. शंभरातले चाळीस रुपये गावाच्या उधारीचं व्याज भरण्यात. आणि कोणी २५ हजार बुडवले, तर ते भरून काढायला ८ टक्क्यांनी ३ लाख १२ हजारांचा माल विकावा लागेल.

आता उसाच्या बिलाचं. ऊस गेला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण तुमच्या उधारीची तारीख कारखान्याआधी लावणीवर ठरते. खत नेणाऱ्याला एवढंच विचारा, "आडसाली आहे की खोडवा?" जुलै-ऑगस्टच्या आडसाली लावणीला पहिला डोस आज दिलात, तर तो ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटणार. 'बिल आलं की' म्हणजे पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या हंगामाला. खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, याच हंगामात जाणार. दोघांना एकच 'बिल आलं की' कसं चालेल? उधारीच्या वहीत नावापुढं लावणीचा प्रकार आणि तोडीचा अंदाजे महिना लिहा. दोन संध्याकाळचं काम आहे. त्या वहीवरून कोणत्या महिन्यात किती यायचेत ते दिसेल, आणि डिस्ट्रिब्युटरला तारखेने बोलता येईल.

भावकीला नाही म्हणू नका, मर्यादा सांगा. "भाऊजी, एकरी अमुक एवढ्यापर्यंत उधार, त्यावर रोख. कंपनी मला थांबत नाही." सगळ्यांना तोच आकडा, दिराला आणि परक्याला. एकाला सवलत दिली की संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. आडसालीवाल्याला निम्मी उधारी आणि निम्मी रोख, असं यंदापासून सुरू करा. औषधं आणि टॉनिक शक्यतो रोखीनेच द्या.

आणखी एक, आणि हे या महिन्यातच करा. विकलेल्या मालाचे पैसे कोर्टात मागायची मुदत तीन वर्षांची असते. मालकांच्या हातच्या जुन्या नोंदी असतील, तर जिथं मुदत संपत आलीय तिथं आधी जा. वहीत बाकी लिहून 'बाकी मान्य' अशी तारखेसह सही घ्या. मुदत संपायच्या आत सही झाली तर तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजतात. माणूस चांगला असतो तेव्हाच सही देतो, भांडण झाल्यावर देत नाही. आणि वर कुपवाडच्या दादांना सांगितलेला ४५ दिवसांचा कायदा किरकोळ दुकानदाराला उपयोगी नाही. तो उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही दोन वर्षं एकटीने आजारपण आणि दुकान सांभाळलंत. गावाने तुमच्याकडून व्याजाचे दीड लाख घेतलेत, तुम्ही कोणाचं काही घेतलेलं नाही. मर्यादा सांगताना आवाज खाली घेऊ नका.

प्रश्न : तासगावजवळ द्राक्षबाग आहे, यंदा बेदाणा केला. ४ टन माल एप्रिलपासून कोल्ड स्टोरेजला आहे. तेव्हा किलोला १५० मागत होते. दिवाळीला वाढेल म्हणून थांबलोय. औषध दुकानाची बाकी आहे, पुढं फळछाटणी आलीय. विकू की थांबू?

उत्तर : भाव काय होईल ते मला सांगता येणार नाही, थांबण्याची किंमत सांगते. तेव्हा विकला असता तर ६ लाख आले असते. ६ लाखांवर १२ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज ३६ हजार, म्हणजे किलोला ९ रुपये. त्यात स्टोरेजचं भाडं आणि तूट मिळवा. दिवाळीला एवढ्यानेही भाव चढला नाही, तर थांबून काही मिळालं नाही. औषध दुकानदार दोन टक्के महिना लावत असेल तर किलोला १८ धरा.

द्राक्षवाल्याला पैसा दोनदा नक्की लागतो, एप्रिलच्या खरड छाटणीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीला. फळछाटणीला लागणारे पैसे आणि औषधाची बाकी यांची बेरीज करा, तेवढा बेदाणा आता सौद्याला लावा. उरलेल्यावर भावाची वाट बघा. अडचणीच्या आठवड्यात सौद्याला गेलेला माल पडेल त्या भावाने जातो. सौदा करताना भावाइतकंच पैसे किती दिवसांनी मिळणार ते विचारा. किलोला दोन रुपये जास्त देऊन दोन महिने लावणाऱ्यापेक्षा आठ दिवसांत देणारा बरा. कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर बँकेकडून तारण कर्ज मिळतं, तेही विचारून ठेवा. औषध दुकानाच्या व्याजापेक्षा ते स्वस्तच पडेल.

प्रश्न : मावशी, मी साताऱ्यात घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. मागणी चांगली आहे. पण सगळे पैसे यूपीआयने माझ्याच खात्यात येतात आणि त्यातूनच भाजी, मुलाची फी, सगळं जातं. मार्चमध्ये मिरची घ्यायची वेळ आली की हात रिकामा. दरवर्षी आईकडून घेते.

उत्तर : धंद्याचं खातं वेगळं काढ, उद्याच. यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा लाव. त्यातून दर महिन्याच्या ७ तारखेला तुझा पगार घरच्या खात्यात घे. ठरलेला, धंदा बरा असो की मंदा. सुरुवातीला कमी ठेव, आठ हजार ठेव. फी त्या आठातून जाईल.

तुझा मसाला वर्षभर विकला जातो, पण बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, खोबरं यांचे पैसे तुला एकदम मार्चमध्ये लागतात. यंदा या खरेदीला किती गेले ते लिहून काढ. ९६ हजार गेले असतील तर महिन्याला ८ हजार. तेवढ्याची धंद्याच्या खात्यातून आरडी सुरू कर आणि तिची तारीख २ ठेव, पगाराच्या आधी. एक किलोच्या पाकिटाची किंमत ठरवतानाही मिरचीचा वाटा त्याच वेळी बाजूला काढायची सवय लाव. पाकीट विकलं गेलं की त्यातला एवढा पैसा मिरचीचा, तो तुझा नाही.

आईचे पैसे किती वर्षांचे राहिलेत, तेही वहीत 'देणे' म्हणून लिही. पहिल्या पानावर.